तयार टाकी बसवली की काम संपले का? जहाजावरच्या एलएनजी टाकीबद्दल वाचकांचे प्रश्न

जहाजाची डिझेलची टाकी म्हणजे बहुतेक वेळा जहाजाच्या अंगाचाच एक कप्पा. एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, टाकी मात्र दुसऱ्याच कारखान्यात बनते, तिथेच तपासली जाते आणि शिपयार्डमध्ये क्रेनने उचलून जहाजात ठेवली जाते. या तयार टाक्यांबद्दल आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत घनतेचे आणि तापमानाचे जे आकडे आहेत ते शुद्ध मिथेनचे आहेत. प्रत्यक्ष एलएनजीत थोडे इथेन, प्रोपेन आणि नायट्रोजन असते, त्यामुळे आकडे किंचित सरकतात. हिशेबाची रीत तीच राहते.

डिझेलची टाकी जहाजाच्या पत्र्यातच बांधतात. मग एलएनजीची बाहेरून का आणायची? आणि ती नळकांड्यासारखी गोलच का?
— मरीन इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

वातावरणाच्या दाबाला एलएनजी उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळते. साध्या जहाजी पोलादावर हा द्रव सांडला तर पत्रा ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून जहाजाचा पत्रा आणि हा द्रव यांची कधीच गाठ पडू द्यायची नाही. टाकीसाठी वेगळा धातू लागतो: ३०४एल किंवा ३१६एल स्टेनलेस, ९ टक्के निकेलचे पोलाद, ५०८३ जातीचे अॅल्युमिनियम, आणि अलीकडे मँगनीजचे प्रमाण जास्त असलेले पोलाद.

गोल आकाराचे कारण दाब. टाकीत उष्णता कितीही अडवली तरी थोडी शिरतेच, त्यामुळे द्रवाची वाफ होते आणि दाब वाढतो. हा दाब सोसायचा असेल तर सपाट भिंती फुगतात, नळकांडे मात्र तो अंगभर वाटून घेते. गॅस इंधनाच्या जहाजांसाठीचा आयजीएफ कोड १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. त्यात टाक्यांचे ए, बी, सी आणि मेम्ब्रेन असे प्रकार दिले आहेत. कारखान्यातून तयार येणारी ही टाकी प्रकार सी, म्हणजे सरळ प्रेशर व्हेसल, दाब सोसणारे भांडे. तिची जाडी आणि वेल्डिंग इतके राखून ठरवलेले असते की गळती अडवायला बाहेरून दुसरे पूर्ण कवच सक्तीचे नसते. प्रकार ए ला ती सवलत नाही.

कारखान्यात बनवण्याचा फायदा म्हणजे वेल्डिंग छपराखाली होते, एक्स-रे तपासणी आणि पाण्याचा दाब देऊन घ्यायची चाचणी तिथेच उरकते, आणि शिपयार्डात जहाजाचे अंग उभे राहत असताना दुसरीकडे टाकी तयार होत राहते. बरोबर पाइप, व्हॉल्व्ह आणि व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करणारे यंत्र) असलेली खोलीही जोडून येते. १ ते २ हजार घनमीटरपर्यंत ही पद्धत सोपी पडते. २०१३ च्या ‘व्हायकिंग ग्रेस’ फेरीबोटीवर प्रत्येकी २०० घनमीटरच्या दोन टाक्या मागच्या उघड्या डेकवर आहेत, २०१५ च्या ‘इस्ला बेला’ कंटेनर जहाजावर प्रत्येकी ९०० घनमीटरच्या दोन. पण २०२० च्या ‘सीएमए सीजीएम जॅक साडे’ला १८,६०० घनमीटर हवे होते. तिथे गोल टाक्या बसवल्या असत्या तर कोपऱ्यांत वाया जाणारी जागा परवडली नसती. म्हणून ती टाकी मेम्ब्रेन प्रकारची, जहाजातच थराथराने उभारलेली.

वाया जाणाऱ्या जागेचा साधा हिशेब असा. चौकोनी खोलीत बसणारे नळकांडे खोलीचा फक्त साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भाग व्यापते. शिवाय घनमीटरभर एलएनजीत साधारण २२ गिगाज्यूल ऊर्जा, तर घनमीटरभर डिझेलमध्ये ३६. त्यात उष्णता अडवणारा रोधक थर, अपुरी भरती आणि व्हॉल्व्हची खोली धरली की तेवढ्याच मैलांसाठी डिझेलच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त जागा द्यावी लागते.

आमची टाकी ५०० घनमीटरची आहे, पण ८३ टक्क्यांवर भरणे थांबवावे लागते. उरलेले १७ टक्के कोणी खाल्ले?
— थर्ड इंजिनिअर

उष्णतेने. द्रव तापला की फुगतो. बंद टाकीत तो जास्तीत जास्त किती तापेल? सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्याच्या दाबाला जे उकळण्याचे तापमान असेल तिथपर्यंत. त्या क्षणीही टाकी ९८ टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नसावी, असा नियम आहे. सूत्र साधे आहे: भरतीची मर्यादा म्हणजे ९८ टक्के गुणिले व्हॉल्व्हच्या दाबाला असलेली घनता, भागिले भरतेवेळची घनता.

तुमचा व्हॉल्व्ह सुमारे ९.४ बारला लावलेला असणार, म्हणजे निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून) १०.४ बार. त्या दाबाला मिथेन उणे १२३ अंशांना उकळते आणि त्याची घनता ३५८ किलो प्रति घनमीटर असते. बंकर जहाजाने, म्हणजे इंधन पुरवणाऱ्या जहाजाने, थंडगार द्रव दिला, उणे १६२ अंशांचा, तर घनता ४२२. हिशेब: ०.९८ × ३५८ ÷ ४२२ = ०.८३. तुमचे ८३ टक्के हेच.

आता गंमत बघा. बंकर देणाऱ्याने उणे १४३ अंशांचा, आधीच कोमट झालेला द्रव दिला तर घनता ३९४ आणि मर्यादा ८९ टक्के येते. कागदावर जास्त वाटते. पण किलोत मोजा: दोन्ही वेळा टाकीत सुमारे १७५ टनच इंधन बसते. टक्का बदलतो, माल तेवढाच. फरक एवढाच की कोमट द्रव आधीच निम्मी वाट तापून आलेला असतो, त्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंतचे त्याचे दिवस कमी उरतात. म्हणून ‘८९ टक्के भरले’ यावर खूश होऊ नका. बंकरिंगच्या कागदावर द्रवाचे तापमान पाहा.

कमी दाबाचा व्हॉल्व्ह लावला, समजा ५.४ बारचा, तर मर्यादा साडेसत्त्याऐंशीच्या आसपास जाते. पण मग दाब साठवून ठेवण्याची टाकीची ताकद घटते. बाहेरच्या आगीची झळ टाकीला लागण्याची शक्यता अगदी थोडी असेल, तर कोडमध्ये ९५ टक्क्यांपर्यंतची सवलत मिळू शकते. ती टाकीची जागा आणि रोधन पाहून मान्य होते, जहाजावरच्या कोणाच्या मर्जीने नाही. खालच्या बाजूलाही काही टक्के शिल्लक ठेवावे लागतात, नाहीतर टाकी गरम होते आणि पुढच्या भरतीला पुन्हा थंड करत बसावे लागते.

आयजीएफ कोडमधली पंधरा दिवसांची अट म्हणजे नेमके काय?
— जहाज बांधणीचा आराखडाकार

जहाज नुसते उभे आहे, मोठे इंजिन बंद आहे, गॅस फक्त जहाजाच्या घरगुती गरजेपुरता जळतो आहे. अशा स्थितीत भरलेल्या टाकीचा दाब १५ दिवस सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली राहिला पाहिजे.

वरच्या ५०० घनमीटरच्या टाकीचा अंदाज काढू. १७५ टन द्रव उणे १५३ वरून उणे १२३ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १९.५ गिगाज्यूल लागतात. टाकीत सतत ३ किलोवॅट उष्णता शिरत असेल तर दिवसाला २६० मेगाज्यूल. म्हणजे ७५ दिवस. अट मोडायला १५ किलोवॅट शिरावी लागेल. कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात स्थिर उभ्या जहाजात वरचा थर आधी तापतो, खालचा थंडच राहतो, आणि दाब ठरतो तो वरच्या थरावर. त्यामुळे दाब हिशेबापेक्षा लवकर चढतो. आराखड्यात ही तफावत धरा.

टाकी दोन सॅडलवर (खोगिरासारख्या आधारांवर) बसते. एका बाजूला बोल्ट घट्ट, दुसरीकडे मोकळी. समुद्रात हलेल म्हणून दोन्ही बाजू पक्क्या केल्या तर काय बिघडेल?
— शिपयार्डमधील फिटर

टाकी फाटेल किंवा सॅडल उखडेल. प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, कारण तयार टाकीतल्या बहुतेक भानगडी टाकीत नसतात. त्या टाकी आणि जहाज जिथे भेटतात तिथे असतात.

स्टेनलेस स्टील साध्या तापमानावरून उणे १६२ पर्यंत नेले की मीटरमागे जवळपास ३ मिलिमीटर आखडते. २० मीटरची टाकी सहा सेंटिमीटरने आखूड होते. ९ टक्के निकेलचे पोलाद कमी आखडते, तीच लांबी साडेतीन ते चार सेंटिमीटर. ही हालचाल अडवता येत नाही, फक्त तिला वाट देता येते. म्हणून एक सॅडल पक्के आणि दुसरे सरकते. पक्के सॅडल पाइपांच्या आणि व्हॉल्व्हच्या खोलीच्या बाजूला ठेवतात, म्हणजे पाइपांची जोडणी सर्वांत कमी हलते. आणखी एक कारण लोक विसरतात: जहाज स्वतः लाटांवर वाकते, मध्ये उचलले जाते, मध्ये दबते. दोन्ही सॅडल पक्की असतील तर जहाजाचे वाकणे टाकीच्या कवचात उतरते.

इथे टाकीची जात ओळखा. फोमच्या रोधक थराची एकेरी कवचाची टाकी सॅडलवरच सरकते. तिथे पोलाद आणि टाकी यांच्यामध्ये दाबून घट्ट केलेल्या, राळ भरलेल्या लाकडाचे ठोकळे असतात. ते वजनही पेलतात आणि उष्णताही अडवतात. दुहेरी कवचाच्या निर्वात टाकीत, म्हणजे दोन कवचांमधली हवा काढून टाकलेल्या टाकीत, मात्र बाहेरचे कवच गरमच राहते. आखडते ते आतले, आणि ते आतल्या आधारांवर सरकते. अशा टाकीच्या बाहेरच्या सॅडलवर सहा सेंटिमीटर सरकायची जागा शोधत बसू नका.

बसवताना पुढची काळजी घ्यावी लागते. जहाजातल्या पायाची पातळी आणि सॅडलांमधले अंतर टाकी यायच्या आधीच मोजून कारखान्याच्या नकाशाशी जुळवा. क्रेनला लटकलेल्या टाकीखाली उभे राहून ग्राइंडिंग करायची वेळ येऊ नये. उचलायची ती फक्त ठरवून दिलेल्या कानांनी, पसरट बीम लावून. पट्टा फिरवून उचलली की फोम चेपतो, आणि चेपलेल्या जागी पुढे बर्फ धरतो. ठोकळे आणि सॅडल यांच्यातली फट बहुधा ओतायच्या इपॉक्सीने भरतात, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत टाकी हलवत नाहीत. सरकत्या बाजूला इपॉक्सीचा ओघळ गेला की ती बाजू पक्की झाली म्हणून समजा. हा दोष डोळ्याला दिसत नाही, पहिल्यांदा टाकी थंड केली की आवाज करून सांगतो. टाकी ठेवलेल्या जागेत पाणी भरले तर रिकामी टाकी तरंगून उसळू नये म्हणून वरूनही अडथळे लावायचे असतात. त्यांच्यात आणि टाकीत नकाशातली फट राहिली पाहिजे. ती ‘ढिली’ नाही, हिशेबाने ठेवलेली आहे.

आणि टाकीच्या दाबाच्या कवचावर जहाजात काहीही वेल्ड करायचे नाही. ब्रॅकेट नाही, केबल ट्रे नाही, अर्थची पट्टीही नाही. त्यासाठी कारखान्यातच जोडपट्ट्या लावून येतात. एखादी कमी पडली तर आधी टाकी बनवणाऱ्याला आणि क्लासच्या (जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरला विचारा. फोमच्या टाकीजवळ ठिणग्या उडणारे काम करताना पत्र्याचे आच्छादन आणि राखणदार लागतो. फोम पेटला तर धूर जीवघेणा असतो.

९ टक्के निकेलच्या पोलादाला वेल्ड करताना आर्क एका बाजूला पळतो. मशीन बदलून पाहिले, फरक नाही.
— वेल्डिंग निरीक्षक

मशीन निर्दोष आहे, पत्रा चुंबक झाला आहे. या पोलादात चुंबकत्व सहज बसते आणि टिकते. चुंबकी क्रेनने उचलला, चुंबकी क्लॅम्प लावला, किंवा डीसी करंटने गाउजिंग (आर्कने धातू खरवडणे) केले की पुरते. पत्रा आला की कडेवर गॉसमीटर (चुंबकत्व मोजणारे यंत्र) लावा. पुरवठा घेताना ५० गॉसच्या आतली अट सामान्यतः घातली जाते. उचलायला फक्त पट्टे आणि साध्या पकडी वापरा. जमेल तिथे एसीवर चालणाऱ्या इलेक्ट्रोडने वेल्ड करा. तरीही आर्क वळत असेल तर जोडावर केबलचे वेढे घालून उलट्या दिशेने चुंबकत्व उतरवा.

इलेक्ट्रोड निकेल मिश्रधातूचा, म्हणजे वेल्ड मूळ धातूपेक्षा मऊ असू शकतो. वेल्डची ताकद हिशेबात पत्र्याची म्हणून धरू नका. शार्पी चाचणी (धक्क्याने नमुना मोडून चिवटपणा मोजणारी) उणे १९६ अंशांना, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून होते. पत्र्याच्या आडव्या नमुन्यांची सरासरी किमान २७ ज्यूल, उभ्यांची ४१. निकेल वेल्डचा एक्स-रे वाचणे पोलादाच्या सवयीच्या डोळ्यांना फसवते. वेल्डची घनता पत्र्यापेक्षा वेगळी असल्याने कडेची छटा दोषासारखी दिसते, आणि खरी भेग त्यात दडू शकते. अशा एक्स-रेचा अनुभव असलेलाच माणूस नेमा.

पाण्याच्या चाचणीचा दाब डिझाइन दाबाच्या दीडपट असतो. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला दोन तास, आणि कमीत कमी दोन तास तो दाब धरून ठेवायचा. पाणी एलएनजीच्या दुप्पट जड असते हे आधार लावताना विसरू नका. दोन सॅडलवर इंधन पेलणारी टाकी पाण्याने भरली की कधीकधी तिसरा आधार लागतो. स्टेनलेस टाकीत क्लोराइड कमी असलेलेच पाणी भरा आणि नंतर लगेच सुकवा. कोपऱ्यात राहिलेले थेंब वाळून खड्डे पाडतात.

टाकीच्या टोकाला स्टेनलेसची बंद खोली कशासाठी? व्हॉल्व्ह उघड्यावर का नाही चालत?
— डेक कॅडेट

उघड्या डेकवर चालतात, अटींसह. डेकखाली टाकी असेल तर चालत नाहीत. टाकीला पाइप जिथे जोडलेले असतात तीच गळतीची जागा. म्हणून ती सगळी जोडणी एका गॅसबंद खोलीत घेतात, तिला टीसीएस, म्हणजे टँक कनेक्शन स्पेस, म्हणतात. तळ आणि भिंती थंडी सोसणाऱ्या धातूच्या असतात, म्हणजे सांडलेला द्रव जहाजाच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. हवा तासाला निदान ३० वेळा बदलली पाहिजे. गॅसचा अंश पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या २० टक्क्यांवर गेला की घंटा वाजते. दोन सेन्सरांनी ४० टक्के दाखवले की टाकीचे व्हॉल्व्ह आपोआप मिटतात. दोन सेन्सर का? एका बिघडलेल्या सेन्सरमुळे बंदराच्या तोंडाशी जहाजाचे गॅस इंधन तुटू नये म्हणून. जहाजाच्या एलएनजीत वास घातलेला नसतो. तो पदार्थ या थंडीत गोठून बसेल. तेव्हा ‘वास आला नाही’ हा पुरावा नव्हे.

खवळलेल्या समुद्रात इंजिन अचानक गॅस सोडून डिझेलवर जाते. टाकीत निम्मे इंधन असते, दाबही आधी चांगला असतो. हे का होते?
— सेकंड इंजिनिअर

टाकीतला दाब ‘चांगला’ होता तो उसना होता.

पंप नसलेल्या टाकीत इंजिनपर्यंत गॅस ढकलण्याचे काम टाकीतला दाबच करतो. तो दाब पीबीयू (प्रेशर बिल्ड-अप युनिट) बनवतो. टाकीच्या तळातून द्रव खाली उतरतो, ग्लायकोलच्या गरम पाण्याने त्याची वाफ होते आणि ती वाफ टाकीच्या माथ्यावर परत येते. त्यामुळे वरची वाफ गरम आणि ६ बारची होते. पण खालचा द्रव अजून उणे १५३ अंशांवरच असतो, आणि त्या तापमानाचा मिथेनचा स्वाभाविक निरपेक्ष दाब फक्त १.९ बार आहे. शांत समुद्रात वरचा गरम थर खालच्या थंड द्रवाला झाकून ठेवतो, दोघांची भेट होत नाही. जहाज डोलायला लागले की द्रव उसळतो, थंड तुषार गरम वाफेत शिरतात आणि वाफ झटकन पुन्हा द्रव होते. दाब ६ वरून १.९ च्या दिशेने घसरतो. कमी दाबाच्या चार-स्ट्रोक इंजिनाला साधारण ५ बार हवे असतात. ते मिळाले नाहीत की ते डिझेलवर जाते. यंत्रणेने आपले काम चोख केले. चूक आधीच्या तयारीत आहे.

आधी बंकरिंग आठवा. वरून फवारून भरले की टाकीतली वाफ थंड होऊन विरते आणि दाब उतरतो. भरताना ही सोय असते, कारण वाफ परत पाठवावी लागत नाही. पण भरून लगेच खवळलेल्या समुद्रात निघालात तर सगळा द्रव अगदी थंड असतो आणि दाब अगदीच उसना. वेळ असेल तर खराब हवामानाआधी द्रवालाच थोडे गरम होऊ द्या, दाब हळू चढवत ठेवा. द्रवाचे तापमान जितके इंजिनाच्या दाबाजवळ तितकी घसरण कमी. अर्थात याची किंमत वर सांगितलेल्या १५ दिवसांतून वजा होते, म्हणून टाकी पूर्ण भरलेली असताना हे करू नका.

मग पीबीयू तपासा. द्रव त्यात स्वतःच्या वजनाने उतरतो. टाकीत पातळी कमी असली की ढकलणारे वजनही कमी, आणि पीबीयू ऐन गरजेला मरगळतो. ग्लायकोलचे परतीचे तापमान पाहा. इंजिनाचे जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवणारे पाणी) ग्लायकोलला उष्णता देत असेल आणि इंजिन कमी लोडवर चालत असेल तर उष्णताच पुरेशी नसते. ग्लायकोलचा पंप थांबला आणि एलएनजी वाहत राहिले तर नळ्या गोठून फुटतात. त्यासाठी कमी तापमानाला द्रव तोडणारा ट्रिप असतो. तो ‘वारंवार त्रास देतो’ म्हणून कोणी बायपास केलेला नाही ना, हे एकदा स्वतः बघा.

नव्या जहाजाचा आराखडा चालू असेल तर सल्ला सरळ आहे: लांब टाकीत आडवे, भोके असलेले पडदे घाला, आणि शक्य असेल तर टाकीच्या आत बुडालेला पंप घ्या. पंप असला की टाकीचा दाब कमी असला तरी चालते, आणि हा सगळा उपद्व्याप उरत नाही. २० मीटरच्या नळकांड्यात पडदे न घालता पैसे वाचवणे ही आमच्या मते सर्वांत महाग काटकसर आहे.

निर्वात टाकीच्या बाहेरच्या कवचावर एका जागी बर्फ दिसते. घाबरावे का?
— चीफ इंजिनिअर

जागा कोणती यावर आहे. पाइप जिथे बाहेर येतात किंवा आतले आधार जिथे टेकतात तिथे थोडे दव किंवा बर्फ नेहमीचे असू शकते. वरच्या भागात लांबट पट्टा गार लागत असेल तर आतले पर्लाइट (दोन कवचांमध्ये भरलेली रोधक भुकटी) हादऱ्यांनी खाली बसले असावे. पूर्ण अंगाला घाम सुटला आणि दाब रोजच्यापेक्षा वेगाने चढू लागला तर निर्वात गेले. निर्वात असताना पर्लाइट जितकी उष्णता आत सोडते, त्याच्या वीसपट किंवा जास्त हवा शिरल्यावर सोडते.

निर्वात गेले तर आधी विचारायचे: हवा बाहेरून आली की गॅस आतून? पोकळीतला नमुना काढून मिथेन तपासा. मिथेन नसेल तर बाहेरच्या कवचाची, गेज बसवलेल्या जागेची किंवा पंपाच्या तोंडाची गळती. ती शोधून पुन्हा पंप लावता येतो. मिथेन असेल तर आतले कवच किंवा पोकळीतला पाइप गळतो आहे. टाकी रिकामी करून नायट्रोजनने धुणे आणि क्लासला कळवणे, एवढेच तुमचे काम. बाहेरच्या कवचावर दाब सुटण्यासाठी असलेली झाकणी रंगाने चिकटली नाही ना हेही पाहा. रंगकाम करणाऱ्यांना ती ‘गंजकी टोपी’ वाटते. निर्वाताचे वाचन दर वेळी टाकी सारखीच थंड असताना घ्या. गरम आणि थंड टाकीची वाचने एका तक्त्यात मिसळली की तक्ता निरुपयोगी होतो.

नवी टाकी बसवली. पहिल्यांदा एलएनजी भरण्याआधी काय करायचे, त्याचा क्रम सांगाल?
— कमिशनिंगचे काम पहिल्यांदा करणारा अभियंता

टाकी कारखान्यातून नायट्रोजनच्या थोड्या दाबाखाली येते. आल्या दिवशी गेज वाचा. दाब शून्य असेल तर वाटेत दमट हवा आत गेली असे धरून चाला.

आधी सुकवणे. दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली येईपर्यंत कोरडा नायट्रोजन फिरवा, पाइपांच्या टोकाटोकाला मोजून. टाकी सुकली पण ड्रेनच्या बुडाशी पाणी राहिले, हा नेहमीचा घोळ. तेच पाणी पुढे व्हॉल्व्हच्या सीटवर बर्फ होऊन बसते. मग ऑक्सिजन २ टक्क्यांखाली आणा. जहाजाच्या बॉयलरचा धुरी वायू वापरू नका. त्यातला कार्बन डायऑक्साइड उणे ७८ अंशांना घट्ट होतो आणि गाळण्या तुंबवतो. त्यानंतर नायट्रोजन हटवून गॅसची वाफ भरायची.

मग थंड करणे. वरच्या फवाऱ्याच्या पाइपातून थोडाथोडा द्रव सोडा, टाकी बनवणाऱ्याने दिलेल्या दरानेच. माथा, मध्य आणि तळ यांच्या सेन्सरांमधला फरक त्याने दिलेल्या मर्यादेबाहेर गेला तर थांबा. या वेळी दोन माणसे फक्त सॅडल आणि बेलोज (पाइपांचे लवचिक जोड) पाहायला ठेवा. सरकत्या सॅडलवर आधीच रेघ मारून ठेवली असेल तर ती किती सरकली ते मिलिमीटरमध्ये लिहिता येते. टाकी थंड झाली आणि रेघ जागची हलली नाही, तर काहीतरी अडकले आहे. भरणे थांबवा. थंड झाल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासा, कारण गॅस्केट आणि बोल्ट सारखे आखडत नाहीत.

काही ठिकाणी आधी द्रव नायट्रोजनने थंड करून पाहतात. चालते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो उणे १९६ अंशांचा असतो आणि टाकीचे डिझाइन तापमान बहुधा उणे १६३ किंवा त्याच्या आसपास. तेवढ्या थंडीला प्रत्येक भाग चालतो का, हे लेखी घ्या. आणि त्याची घनता सुमारे ८०० किलो, एलएनजीच्या जवळपास दुप्पट. पातळीचा काटा एलएनजीच्या घनतेवर लावलेला असेल तर तो चुकीचे दाखवेल. फार थोडाच भरा.

शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह. ते निदान दोन असतात. दुरुस्तीसाठी एक बंद करता येतो, पण दोन्ही एकदम बंद होणार नाहीत असे कुलूप असते. कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते हस्तांतरणाच्या कागदात लिहून घ्या. व्हेंट मास्टचे, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हमधला गॅस वर सोडणाऱ्या उभ्या पाइपाचे, तोंड डेकपासून जहाजाच्या रुंदीच्या एक तृतीयांश किंवा ६ मीटर, यांतले जे जास्त तेवढे उंच हवे. त्या मास्टच्या बुडाचा ड्रेन उघडून बघा. महिनाभर शिपयार्डच्या पावसात उभ्या राहिलेल्या जहाजात तिथून बादलीभर पाणी निघू शकते, आणि ते पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठले तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.